डोस वाढवल्यानंतरचा आठवा दिवस

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून एका मुलाने आपल्या आईविषयी विचारले आहे. आईंचे वय ५८. नैराश्यासाठी दोन महिन्यांपासून त्या एसिटालोप्रामची १० मिलिग्रॅमची गोळी रात्री घेत होत्या. रडणे थांबले, पण मन कशात लागेना, म्हणून तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी आठ दिवसांपूर्वी डोस २० केला. तेव्हापासून मळमळ, हाताला कंप, डोके भणभणणे आणि रात्री डोळ्याला डोळा न लागणे सुरू आहे. मेडिकलवाल्याने मळमळीसाठी एक कॅप्सूल दिली आहे, रक्तदाबाची गोळी आधीपासून आहे, निंदणाला जाणे चालूच आहे, आणि घरातल्या आत्याबाईंचे म्हणणे असे की गोळ्या गरम पडल्या, आजच बंद करा. डॉक्टरांची पुढची फेरी तीन आठवड्यांनी आहे. तोवर काय करावे, हा प्रश्न आहे.

आपण दिलेल्या माहितीत सर्वांत उपयोगी आहेत ते 'आठ दिवस' हे दोन शब्द. एसिटालोप्राम शरीरातून निम्मे बाहेर पडायला साधारण ३० तास लागतात. त्यामुळे डोस वाढवला की रक्तातील पातळी एका रात्रीत दुप्पट होत नाही. ती रोज थोडी थोडी चढत जाते आणि सुमारे आठवडाभराने, वय जास्त असेल तर आणखी काही दिवसांनी, नव्या पातळीवर स्थिरावते. म्हणजे आईंचा त्रास आठवडाभर वाढत गेला असेल तर त्यात नवल नाही, कारण औषधच आठवडाभर वाढत होते. इथून पुढे ते फारसे चढणार नाही आणि शरीराला त्याची सवय होऊ लागेल. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, घाम, हलका कंप हे त्रास बहुतेकांमध्ये पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरतात. गुण मात्र सावकाश दिसतो. वाढवलेल्या डोसचा फायदा जोखायला तीन-चार आठवडे तरी द्यावे लागतात. त्रास रोखीने आणि गुण उधारीवर, असा या औषधांचा व्यवहार आहे, आणि तो घरच्यांना आधी सांगितलेला नसला की आठव्या-दहाव्या दिवशी गोळी बंद पडते. मी स्वतः अशाच मासिक फेऱ्या वर्षानुवर्षे केल्या आहेत आणि प्रत्येक फेरीला दोन-तीन जण तरी असे भेटतात, की ज्यांनी नेमका त्रास ओसरायच्या वेळी औषध सोडलेले असते.

आत्याबाईंच्या म्हणण्याला हसू नये. 'गरम पडली' हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकात नसला, तरी त्यांना जे दिसते आहे ते खरे आहे. या गोळ्या सेरोटोनिन नावाच्या ज्या रसायनावर काम करतात त्यातील सुमारे ९० टक्के मेंदूत नव्हे, आतड्यांत असते; औषध मनासाठी दिले तरी पहिला धक्का पोटाला बसतो तो म्हणूनच. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गोळी भरल्या पोटी घेणे. आपल्याकडे बाया सकाळी नुसत्या चहावर निंदणाला निघतात, शिदोरी दुपारी सुटते, आणि संध्याकाळी अंग इतके आंबलेले असते की दोन घास पोटात ढकलून त्या आडव्या होतात. त्या दोन घासांवर घेतलेली गोळी त्रास देणारच. अर्धी भाकर आणि वाटीभर वरण पोटात गेल्यावर गोळी घ्यावी, त्या वेळी तर्रीचे खाणे टाळावे, आणि दिवसभर थोडे थोडे खात राहावे. एवढ्याने मळमळ पूर्ण जाईल असे नाही, पण ती सोसण्याजोगी होते, आणि या पंधरा दिवसांत तेवढे पुरते.

आता त्या कॅप्सूलविषयी. पोटासाठी मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा ओमेप्राझोल आणि डोमपेरिडोन ही दोन औषधे एकत्र असतात. आईंना दिलेली तीच असेल तर ती आजच थांबवण्याजोगी आहे, आणि कारण साधे आहे. यकृतातले जे एन्झाइम एसिटालोप्राम मोडते, त्यालाच ओमेप्राझोल अडवते. त्यामुळे २० मिलिग्रॅमची गोळी शरीरात त्याहून मोठ्या डोससारखी वागू लागते. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असते, आणि अशी माणसे युरोपपेक्षा आपल्या भागात जास्त आढळतात. दुसरीकडे डोमपेरिडोन आणि एसिटालोप्राम ही दोन्ही औषधे हृदयाच्या ठोक्यांमधील विद्युत लय थोडी लांबवतात. ऑनडान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीचेही तेच. धडधाकट माणसाला एखाद्या कॅप्सूलने काही होत नाही, पण साठीकडे झुकलेल्या, रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या बाईंना रोज दोनदा हे चालू ठेवणे मला मान्य नाही. पित्ताचा खरोखर त्रास असेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून पँटोप्राझोलसारखे दुसरे औषध घेता येते. अंगदुखीसाठी ट्रामाडॉल असलेली गोळी आणि कोरड्या खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले सिरप हेही या औषधासोबत परस्पर घेऊ नये, कारण त्यांनी सेरोटोनिन अतोनात वाढू शकते. डायक्लोफेनॅकच्या रोजच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. अंग दुखले तर पॅरासिटामोल घ्यावे.

झोपेचा प्रश्न पुष्कळदा गोळीची वेळ बदलून सुटतो. एसिटालोप्रामने कुणाला गुंगी येते, कुणाची झोप उडते. ज्यांची उडते त्यांना ती सकाळी न्याहारीनंतर द्यावी. वेळ बदलताना एका रात्रीची गोळी न घेता दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. औषध शरीरात टिकून राहत असल्याने बारा तासांच्या या अंतराने काही बिघडत नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घालावे. (व्हेनलाफॅक्सिन हे नैराश्याचेच दुसरे औषध घेणाऱ्यांनी हे वाचून परस्पर तसे करू नये, ते औषध फार लवकर उतरते.) संध्याकाळचा काळा चहा पंधरा दिवस बंद ठेवावा. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण. हे आईंना लागू नसेल, पण आमच्याकडे कंप आणि झोप उडाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला, आणि अलीकडे कित्येक बायांनाही, मी दिवसाला किती पुड्या होतात हे विचारतो, आणि निम्मे उत्तर तिथेच सापडते.

आपण निंदणाचा उल्लेख केला आहे म्हणून इथे थोडे थांबतो, कारण ही गोष्ट शहरातल्या डॉक्टरांच्या डोक्यात येत नाही. हे फवारणीचे दिवस आहेत. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या कीटकनाशकांची बाधा झाली तर घाम येतो, मळमळते, पोट बिघडते, हातपाय थरथरतात, स्नायू फडफडतात. आणि ही यादी डोस वाढवल्यानंतरच्या त्रासांशी बरीच मिळतीजुळती आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्याला सांगायला नको. फवारलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) दिवसभर वाकून आलेल्या बाईंचा त्रास गोळीचा की फवाऱ्याचा, हे ओळखण्याचे दोन धागे आहेत. पहिला वेळेचा: गोळीचा त्रास शेतात गेले-न गेले तरी रोज असतो, फवाऱ्याचा त्रास त्या शेतातून आल्यानंतर काही तासांत उमटतो. दुसरा डोळ्यांचा: कीटकनाशकाने बुबुळाच्या मधली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, तोंडाला लाळ सुटते, छातीत घरघर होते, सेरोटोनिन अति वाढले तर बाहुली उलट मोठी होते, अंग तापते, पाय आपोआप उडतात आणि माणूस सैरभैर होतो. दोन्हींत घरी बसायचे नाही, थेट रुग्णालय गाठायचे, आणि तिथे दोन्ही गोष्टी सांगायच्या: गोळीही आणि फवाराही. कंप थांबेपर्यंत आईंनी फवारलेल्या शेतात जाऊ नये, औषध कालवण्याच्या कामाला तर मुळीच जाऊ नये.

मला सर्वांत जास्त काळजी रक्तदाबाच्या गोळीची वाटते. तिचे नाव आपण लिहिलेले नाही. स्ट्रिपवर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी काही आहे का ते पाहा; जोडगोळीच्या नावापुढे 'एच' हे अक्षर असले तर बहुधा पहिले असते. ही लघवी वाढवणारी औषधे आहेत आणि ती शरीरातले सोडियम कमी करतात. नैराश्याच्या या औषधांनीही काही जणांत, विशेषतः वय झालेल्या बायांत, सोडियम उतरते, आणि ते उतरते औषध सुरू केल्यानंतर किंवा वाढवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. त्यात भर म्हणून उन्हातले काम, घाम, आणि रक्तदाब आहे म्हणून मीठ बंद करून नुसते साधे पाणी पिणे. सोडियम उतरल्यावर काय होते? मळमळ, डोकेदुखी, थकवा. म्हणजे आज आईंना जे होते आहे तेच, आणि म्हणूनच ते गोळीच्या साध्या त्रासात लपून जाते. फरक असा की साधा त्रास दिवसागणिक कमी होतो, हा वाढतो. पुढे तोल जातो, बोलणे असंबद्ध होते, माणूस सुस्तावतो आणि वेळ गेली तर झटके येतात. रक्तातील सोडियम ही साधी तपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये होते, आणि सर्वसाधारण आकडा १३५ ते १४५ च्या दरम्यान असतो. गोळीत वरीलपैकी औषध असेल तर ही तपासणी याच आठवड्यात करून घ्यावी आणि आकडा फोनवर डॉक्टरांना कळवावा. रक्तदाबाची गोळी मात्र आपण होऊन बंद करू नये.

आणखी एक त्रास असा आहे की रुग्णाला तो शब्दांत सांगताच येत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत विशीतल्या एका मुलाचा डोस मी वाढवला आणि पुढच्या महिन्याची तारीख देऊन मोकळा झालो. पाचव्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. ताटावर बसला की उठे, बाजेवर पडला की पाय झाडे, रात्री उठून धुऱ्याधुऱ्याने फिरत राही. घरच्यांना वाटले बाहेरचे काही लागले. त्यांनी त्याला एका जाणत्याकडे नेले. तिथून परतल्यावर तो आईला म्हणाला, "माय, अंगातून निघून जावं वाटते मले." त्या वाक्याने ती घाबरली आणि त्याला घेऊन आली, म्हणून पुढचे टळले. ती औषधाने आलेली अस्वस्थता होती, डोस खाली आणल्यावर काही दिवसांत ती शमली, आणि तिची कल्पना मी आधी दिली नव्हती ही चूक माझी होती. पंचविशीच्या आतील रुग्णांत डोस बदलण्याच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवर २००४ पासून मुलांसाठी आणि २००७ पासून तरुणांसाठीही ठळक इशारा छापायला लावला आहे, पण अशी अस्वस्थता कोणत्याही वयात येऊ शकते. आईंना नुसती झोप येत नाही की बसवतच नाही, हे त्यांना आजच विचारा. बसवत नसेल तर फेरीची वाट न पाहता फोन करा. अशा वेळी आम्ही डोस बहुधा लगेच खाली आणतो. याच्या उलट, झोप नसतानाही बाई एकदम उत्साहात, बोलणे थांबत नाही, खर्चाला हात सैल सुटला आहे, असे काही दिसले तर तोही त्रास समजावा आणि तितक्याच तातडीने कळवावा.

गोळी एकदम बंद करू नये, हे मी इतके उशिरा लिहितो आहे याचे कारण ते आपल्याला सगळे सांगतातच. का ते कुणी सांगत नाही. दोन महिने घेतलेले औषध अचानक तोडले तर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके येऊ शकतात. ते सगळ्यांना येत नाहीत आणि बहुधा जीवघेणे नसतात, पण घरात त्यांचा अर्थ 'आजार उलटला' किंवा 'गोळीची सवय लागली' असा लावला जातो आणि मग सगळाच गोंधळ होतो. त्रास खरोखर सोसवत नसेल तर वाट बंद करण्याची नाही, एक पायरी मागे येण्याची आहे: डॉक्टरांशी बोलून १५ मिलिग्रॅमवर किंवा पूर्वीच्या १० वर यावे, तिथे पंधरा दिवस थांबावे आणि मग ठरवावे. १० वर आईंना त्रास नव्हता, त्यामुळे ती पायरी ओळखीची आहे. मात्र आधी स्ट्रिप उलटी करून घटक वाचा. एसिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारे औषध असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. तशी गोळी दुप्पट केली की क्लोनाझेपामही दुप्पट होते, आणि ती एकदम तोडणे साध्या गोळीपेक्षा धोक्याचे असते. त्यात झटके येऊ शकतात. सवय लागण्याची भीती खरी आहे ती या दुसऱ्या घटकाची.

स्ट्रिप हातात घेतलीच आहे तर जुनीही शोधा. १० ची आणि २० ची स्ट्रिप एकाच कंपनीची असली तर दिसायला सारखीच असते, आणि उरलेल्या चार गोळ्या फेकायला कुणाचा जीव होत नाही. मी पाहिले आहे: देवळीत ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात दोन्ही स्ट्रिप, आणि बाई रोज इमानेइतबारे दोन्हींतली एकेक गोळी घेत होत्या, कारण 'डोस वाढवला' याचा अर्थ त्यांनी 'आणखी एक गोळी' असा घेतला होता. त्रासाचे सगळे शास्त्र आम्ही मांडत बसलो होतो आणि त्या घेत होत्या ३०. जुनी स्ट्रिप फेकू नका, एक पायरी मागे यावे लागले तर ती लागेल. पण ती वेगळ्या जागी, आपल्या ताब्यात ठेवा.

२० ची गरज होती का, असे आपण विचारलेले नाही, तरी माझे मत सांगतो. १० वर दोन महिन्यांत अर्धवट गुण आला असताना डोस वाढवणे हे रीतसर पाऊल आहे, त्यात डॉक्टरांचे चुकलेले नाही. पण वाढवत गेले की गुण त्याच प्रमाणात वाढतो असे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की याच गटातल्या फ्लुओक्सेटिन या औषधाच्या २० ते ४० मिलिग्रॅमशी तुल्य अशा डोसच्या पुढे फायदा जवळपास थांबतो आणि त्रासामुळे औषध सोडणारे वाढत जातात. वयाची ६५ ओलांडल्यावर एसिटालोप्राम सहसा १० च्या वर नेत नाहीत. आईंना अजून अवकाश आहे, पण २० ही त्यांच्यासाठी वरची कडाच आहे. म्हणून सहा आठवड्यांनी २० वरही फरक दिसला नाही तर आणखी चढवण्याचा हट्ट न धरता औषध बदलणे किंवा समुपदेशनाची जोड देणे यावर डॉक्टरांशी बोलावे. पुढे बरे वाटल्यावर औषध कमी करतानाही घाई नको. नेहमीच्या उपचारी डोसला मेंदूतील ज्या जागांवर औषध बसते त्यांतील सुमारे ८० टक्के व्यापल्या जातात, त्यामुळे २० वरून १० वर येणे बऱ्याच जणांना सोपे जाते आणि ५ वरून शून्यावर येणे जड जाते. शेवटची पायरी सर्वांत लहान ठेवायची असते.

तीन आठवडे वाट पाहायची म्हणजे हात बांधून बसायचे नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात चौकशी करता येते, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते. बेशुद्धी, झटका, असंबद्ध बोलणे, छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी, काळी शौच, ताप येऊन अंग ताठरणे, किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, यांपैकी काहीही झाले तर फोनवर वेळ न घालवता गाडी करून रुग्णालयात जावे. आणि आज संध्याकाळीच फवारणीचे डबे घरातून काढून कुलपाच्या पेटीत, शक्य तर शेतातल्या कोठ्यावर ठेवा. किल्ली आईंकडे नको. त्यांच्या मनात तसे काही आहे असे मी म्हणत नाही. डोस बदलण्याच्या काळात मी हे प्रत्येक शेतकरी घराला सांगतो, आणि कारण न विचारता ते केले जावे असे मला वाटते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर डोस वाढवल्याच्या तारखेला खूण करा आणि तिथून पुढे रोज रात्री त्याच चौकोनात तीन आकडे लिहा: मळमळ दहापैकी किती, झोप किती तास, आणि आज मन किती लागले तेही दहापैकी. आकडे आईंनी सांगायचे, लिहायचे आपण. फेरीच्या दिवशी तेवढे पान फाडून आणा, सोबत सोडियमचा रिपोर्ट, आणि रक्तदाबाच्या गोळीची रिकामी स्ट्रिप पिशवीत टाकायला विसरू नका.